नाव न सांगायचं औषध

मी तापट, हे माहेरापासून सगळ्यांना ठाऊक. पण सासऱ्यांवर हात उचलेन असं मलाही कधी वाटलं नव्हतं.

सासरे तापावर औषध द्यायचे. पहाटे कुणाशी न बोलता रानात जायचे, काहीबाही आणून ठेचायचे आणि रस पाजायचे. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतून माणसं यायची. बदल्यात विडीसुद्धा घ्यायचे नाहीत. फक्त पाला कसला, ते विचारायचं नाही. नाव सांगितलं की गुण जातो.

माझी चार वर्षांची पोर तापली. दोन दिवस तोच रस पाजला. तिसऱ्या दुपारी तिचे डोळे फिरले, हातपाय आखडले. दवाखान्यात न्यायला मी तिला उचललं, तर म्हातारा दारात आडवा.

"माजं औषध चालू हाय. दोन औषधं एका पोटात चालत नाय गो."

"बाबा, बाजूला व्हा."

"नाय."

चुलीपाशी लोखंडी फुंकणी होती. ती घेतली आणि हाणली. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. नवरा नुकताच एमायडीसीतली पाळी संपवून आलेला. त्याने माझ्या कानाखाली जाळ काढला. मी त्याचा हात रक्त येईस्तोवर चावले. "पोर मेली तर दोघांना कोयत्याने तोडीन!" खरंच तोडलं असतं. तेव्हा कुठे त्याने गाडीला किक मारली.

दवाखान्यात सुई दिल्यावर झटका थांबला, पण पोर डोळे उघडेना. डॉक्टरीणबाई ओरडल्या, "काय पाजलंत? विषारी असेल तर उपचार वेगळा करावा लागेल!" घरातल्या औषधाचं नाव घरात कुणालाच माहीत नव्हतं.

तेवढ्यात शेजाऱ्याच्या गाडीवरून सासरे आले, सुजलेला हात पंच्यात बांधून. नवऱ्याने बापाची गचांडी धरली. "बोल, नायतर हितंच गळा दाबतो!"

सासऱ्यांनी नातीकडे पाहिलं. "गुळवेल," म्हणाले. "आन् काडेचिराईत. दुसरं काय नाय."

"एवढंच? गुळवेल तर आमच्या कुंपणावर आहे," म्हणत नर्स हसली. तिचं थोबाड फोडावंसं वाटलं मला. संध्याकाळी पोरीने पाणी मागितलं.

आठवड्याने वरच्या वाडीतली एक बाई तापलेलं मूल घेऊन आली. सासरे प्लास्टरातला हात मांडीवर घेऊन बसलेले, उठले नाहीत. "दवाखान्यात ने गो. माजं औषध मेलं."

बाई माझ्याकडे बघत राहिली. मला सगळं माहीत होतं, वेल तिच्याही कुंपणावर असणार. पण मीच मोडलेल्या त्या हाताकडे बघून लाजेने नाव काही माझ्या तोंडून निघालं नाही.