सुदाम नावाचा देश

"मॅडम, हे सुदान कुठं हाय?" सुदाम सूर्यवंशींनी विचारलं. मी नांदेडच्या आमच्या बँकेत, फॉरेक्स डेस्कवर घामाघूम बसले होते.

त्यांची लेक ज्ञानेश्वरी किनवटच्या आश्रमशाळेत शिकलेली, आता आयर्लंडला निघालेली. उद्यापर्यंत फी पोचली नाही तर सीट जाणार. आणि फी वाटेतच अडकली होती. परदेशात पैसे थेट जात नाहीत. मध्ये आणखी एक बँक असते, तिला करस्पॉन्डंट म्हणतात. निर्बंध असलेल्या देशांचं नाव दिसलं की तिचा कॉम्प्युटर पैसे रोखतो. जवळपासचं स्पेलिंगही त्याला पुरतं. पैशांसोबत जाणाऱ्या आमच्या मेसेजमध्ये त्याला सुदान दिसलं होतं.

ही कामगिरी माझी. मुंबईहून ट्रेनिंग घेऊन आल्यापासून मी मानेत सळई घातल्यासारखी चालत होते. मेसेज देखणा दिसावा म्हणून पहिल्या ओळीत आडनाव आणि नाव टाकलं, दुसऱ्या ओळीत वडिलांचं. दुसरी ओळ पत्त्याची असते, हे ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं म्हणे. मी तेव्हा बहुधा समोसा खात असेन.

मी झोकात खुलासा पाठवला: सुदाम हे वडील आहेत. उलट प्रश्न आला: वडील सुदानमध्ये राहतात का?

सुदामराव म्हणाले, "म्या तर हैदराबादच्या पल्याड गेलो न्हाई."

मॅनेजर साहेब वैतागले. "पैसे पोरीच्या खात्यातले. बापाला कशाला मधे आणलं?"

"साहेब, आपल्याकडे बाप नावातच असतो," मी म्हणाले, आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. हे त्या बँकेला कुणी सांगितलंच नव्हतं!

मी धडाधड टाइप केलं. पूर्ण नाव एका ओळीत. खाली किनवट, त्याखाली इंडिया. सोबत टीप: सुदाम हा नावाचा भाग, गाव नव्हे, देश नव्हे. मग बँक बंद होईपर्यंत स्क्रीनवरून नजर हलवली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी 'क्रेडिटेड' आलं आणि मी एवढ्या जोरात टाळी वाजवली की कॅशच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

आता जगभर या मेसेजचा नवा फॉरमॅट येतोय. गावाला वेगळा रकाना, देशाला वेगळा. छान आहे. पण रकाने सगळ्यांचे सारखे केले, तरी नावं ज्याची त्याचीच राहतात.

मी आपल्या सवयीनं आडनाव आधी लिहिलं होतं, वडिलांचं शेवटी; आणि तिकडे शेवटचं नाव म्हणजे आडनाव. ज्ञानेश्वरीला आयर्लंडच्या कॉलेजचं पत्र आलं: डिअर मिस सुदाम.

सुदामरावांनी ते मला वाचायला लावलं, पुन्हा लावलं, आणि मिशीत हसत म्हणाले, "देश व्हतो, आता आडनाव झालो."