मी आत आहे!

अंधेरीच्या ऑफिसात आम्ही सगळे सर्व्हर एकाच सॉफ्टवेअरमधून सांभाळायचो. त्याला एक खोड होती. दोघांनी एकदम लॉगिन केलं की स्क्रीन गोठायची. सॉफ्टवेअरवाल्यांना कळवलं, तर उत्तर आलं, "हा दोष आम्हाला ठाऊक आहे. तूर्तास एका वेळी एकानेच वापरा."

मग मी आणि माझ्या शेजारी बसणारी चेंबूरची मैत्रीण, आम्ही सरळ आरोळी द्यायला लागलो. आत शिरताना "मी आत आहे!" आणि बाहेर पडल्यावर "झालं माझं!"

एका दुपारी आमचे नवे साहेब आमच्या पार्टिशनपलीकडे काही पाहुण्यांना ऑफिस दाखवत होते. नेमकी तेव्हाच मैत्रीण वैतागून ओरडली, "किती वेळ गं? मला घाई आहे!"

"थांब ना, यार! अडकलंय, निघतच नाहीये!" मी स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले.

पाहुण्यांमधल्या एक वयस्क बाई थबकल्या. साहेबांना म्हणाल्या, "एवढं मोठं ऑफिस आणि बायकांसाठी एकच?"

साहेब लाल झाले. मैत्रीण खुलासा करायला तोंड उघडणार, एवढ्यात मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. आमच्या मजल्यावर बायकांसाठी खरंच एकच टॉयलेट होतं, आणि दुसरं मागून आम्ही थकलो होतो.

महिन्याभरात दुसरं झालं. झकास, मोठ्या आरशाचं! सॉफ्टवेअर मात्र अजून कोणी दुरुस्त केलेलं नाही, आणि आम्हीही फारशी तक्रार करत नाही.