जेमसिनाने न घेतलेलं नाव

आमच्या पोर्टगार्वीत जेमसिना फ्लेटला सगळे 'थ्रॉन' म्हणायचे. पिळलेल्या दोराला, वाकड्या वाढलेल्या लाकडाला आमच्याकडे थ्रॉन म्हणतात आणि हट्टी माणसालाही. ही माहिती जेमसिनाचीच. लोकांनी तिला ठेवलेलं नावसुद्धा तिने चिठ्ठीवर लिहिलं, खाली अर्थ आणि मूळ टाकलं आणि एडिंबराला आमच्या बोलीच्या शब्दकोशाच्या कचेरीत धाडून दिलं. टपाल कचेरी माझ्याकडे असल्याने तिची प्रत्येक चिठ्ठी माझ्या हातून गेली. त्या पाकिटांना हेरिंग माशाचा असा वास यायचा की बाकीच्या टपालापासून ती लांब ठेवावी लागत.

वास येणारच. चौदाव्या वर्षापासून ती हेरिंग चिरायच्या कामावर. बोटांना पिठाच्या पोत्याच्या चिंध्या गुंडाळायच्या, वरून दोरा आवळायचा आणि मिनिटाला चाळीस मासे साफ करायचे. शेटलंडपासून यार्मथपर्यंत हंगामाबरोबर बायका फिरायच्या, त्यांच्यात हीही. शेजारची बाई एखादा वेगळा शब्द बोलली की हिचा सुरा थांबलाच. "काय म्हणालीस गं? कुणाकडून ऐकलास? तुझी आजीही असंच म्हणायची का?" तिकडे मुकादम ओरडून ओरडून बेजार. शब्द मिळाल्याशिवाय हिचा सुरा काही हलायचा नाही.

"एपी, मोठ्या ताटाला आपण ॲशेट का म्हणतो, ठाऊक आहे?" एकदा ती माझ्या खिडकीशी येऊन म्हणाली. "फ्रान्सहून आलाय शब्द, सरळ फ्रान्सहून! आणि मास्तर म्हणायचा, आमची बोली गटारातली!"

मास्तराचं नाव निघालं की तिचा जबडा घट्ट व्हायचा. का, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. १९३१ साल, ती सात वर्षांची, मी सहा. शाळेत तपासनीस आला होता. तो प्राण्यांची चित्रं दाखवी आणि आम्ही नावं सांगायची. गाय झाली, घोडा झाला. मग त्याने ते चित्र वर धरलं. चिखलात लोळणारं, नाकाने उकिरडा उकरणारं, शेपटीचं वेटोळं केलेलं ते जनावर. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. कोळ्याच्या घरात ते कुणी घेत नाही, समुद्रावर होडी असताना तर नाहीच; होडीवर अरिष्ट येतं. कुणाच्या तोंडून चुकून गेलंच तर आम्ही 'गार लोखंड' म्हणतो आणि हाताशी असेल त्या लोखंडाला शिवतो. चित्र दिसताच कोळ्यांची निम्मी शाळा बाकांचे लोखंडी पाय धरून बसली.

तपासनिसाने नेमकं जेमसिनाला उभं केलं. "हे काय आहे?"

"सँडी कॅम्बेल, सर," ती म्हणाली. आमच्याकडे त्याला असंच म्हणतात. कॅम्बेल घराण्याच्या निशाणीवर त्याचं मुंडकं असतं, त्यावरून म्हणे. खरंखोटं जेमसिनालाही शेवटपर्यंत कळलं नाही.

शेतकऱ्यांची पोरं खो खो हसली. मास्तर समुद्रापासून लांब, आतल्या गावचा, पाहुण्यासमोर त्याचं तोंड लाल झालं. "नीट नाव सांग!" ती गप्प. तिचा बाप त्या दिवशी समुद्रात होता. मास्तराने चामडी पट्टा काढला. उजव्या हातावर दोन, डाव्यावर दोन. मधे प्रत्येक वेळी, "सांग!" तिने तोंडाला कुलूप घातलं होतं. मला रडू फुटलं, तिला नाही.

संध्याकाळी होडी आत आली. बापाने तिचे हात पाहिले आणि काही न विचारता तिला बोझी दिली, म्हणजे छातीशी घट्ट धरलं. बोझी शब्दाची चिठ्ठी तिने पुढे लिहिली ती अशी: 'छातीशी धरणे. बहुधा छातीच्याच शब्दावरून. बाप देतो.' कोशवाल्यांनी 'बाप देतो' गाळलं म्हणून महिनाभर ती चिडली होती.

पण शाळेच्या वहीत शेरा पडला तो पडलाच. शाळा सोडताना दाखल्यावरही तोच उतरला: 'ओळखीच्या प्राण्यांची नावं येत नाहीत.' पुढच्या शिक्षणाचं कुणी नावच काढलं नाही. तो दाखला तिने घड्याळामागे खोचून ठेवला. "मला येत होतं, एपी," ती म्हणायची. "हे कुठेतरी छापून आल्याशिवाय मी मरायची नाही."

म्हणून 'सँडी कॅम्बेल' हा शब्द तिच्या नावानिशी कोशात जावा, यासाठी ती कोशवाल्यांच्या हात धुऊन मागे लागली. सात पत्रं गेली. शेवटी १९६९ च्या ऑक्टोबरात तिथले गिल्क्रिस्ट साहेब आवाज टिपायचं यंत्र घेऊन बसमधून उतरले. मी टपाल कचेरीवर 'बंद'ची पाटी लावून तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले.

साहेब सज्जन माणूस. चहा प्याले, ओटची भाकरी मागून घेतली. मग म्हणाले, "बाई, हा शब्द कुठे छापलेला सापडत नाही. तेव्हा तुमची साक्ष हवी. सँडी कॅम्बेल म्हणजे काय, तेवढं स्वतःच्या तोंडाने या यंत्रात सांगा. पुढच्या आठवड्यात आमचा 'एस' अक्षराचा भाग बंद होतोय."

जेमसिनाने खिडकीबाहेर पाहिलं. धक्का मोकळा होता. तिचा भाऊ जॉनडी सोमवारीच गेला होता.

"आज नाही जमायचं."

"का?"

"होड्या बाहेर आहेत."

"मग लिहून द्या."

"लिहिणं म्हणजे तोंड मिटून बोलणंच की, साहेब."

"बरं, होड्या आत कधी असतात?"

"रविवारी."

"मग रविवारी सांगा!"

"रविवारी?" मी मधेच बोलले. "देवाच्या दिवशी, ते नाव?"

साहेबांनी कपाळ चोळलं. "असं करू. मी नाव घेतो. तुम्ही फक्त 'हो' म्हणा." आणि थांबवायच्या आत त्यांनी ते नाव घेतलं, चांगलं खणखणीत.

जेमसिना खुर्ची उलटी पाडून चुलीच्या लोखंडी दाराला जाऊन चिकटली. मी निखारे ढवळायची सळई धरली. "गार लोखंड!" दोघी एकदमच ओरडलो. साहेब आ वासून बघत राहिले. यंत्र आपलं फिरतच होतं.

"आता तरी 'हो' म्हणा," ते हळूच म्हणाले.

"नाही," जेमसिना म्हणाली. "या घड्याळामागे माझा दाखला आहे, साहेब. त्यावरचा शेरा पुसायला अडतीस वर्षं थांबले. तुमच्या पुस्तकात नाव यावं म्हणून मी काय वाटेल ते करीन. पण जॉनडी बाहेर आहे. मला नाही म्हणता येणार." आणि तिने त्यांना शाळेची सगळी गोष्ट सांगितली.

चारच्या बसने साहेब गेले.

"घालवलंस," मी तिला म्हणाले. मला खरंच राग आला होता. "सात पत्रं लिहिलीस आणि एका शब्दासाठी घालवलंस!"

"घालवलं तर घालवलं," ती म्हणाली आणि खुर्ची सरळ करून कप विसळायला लागली. पुढचे कित्येक दिवस तिची एकही चिठ्ठी टपालात आली नाही. वास नसलेली ती टपालाची पोतडी मला बघवत नव्हती.

फेब्रुवारीत तीन दिवस मोठं वादळ झालं. एकही होडी सुटली नव्हती. तिसऱ्या दिवशी एडिंबराचं पाकीट आलं आणि मी तिला निरोप धाडला. डोक्याला रुमाल गुंडाळून, वाऱ्याशी भांडत ती आली. पाकिटात छापील पान होतं. तिने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं:

"सँडी कॅम्बेल. एका पाळीव जनावराचं मच्छीमारांनी ठेवलेलं नाव. होड्या बाहेर असताना खरं नाव घेत नाहीत. साक्षीदार: जेमसिना फ्लेट, पोर्टगार्वी, १९६९. खरं नाव पक्कं ठाऊक असूनही, भाऊ समुद्रात असल्याने, साक्षीदाराने ते उच्चारलं नाही."

'पक्कं ठाऊक असूनही' तिने तीनदा वाचलं. मग खिशातून तो जुना दाखला काढला. घरून निघतानाच घेऊन आली होती बाई. दोन्ही कागद माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि रडली. चार पट्टे खाऊन न रडलेली जेमसिना तेव्हा रडली.

डोळे पुसून ती खिडकीशी गेली. धक्क्यावरच्या होड्या तिने एकेक करून मोजल्या. अकराच्या अकरा आत होत्या, जॉनडीचीही. मग मान ताठ केली, शाळेत उभं राहावं तशी उभी राहिली आणि माझ्या टपाल कचेरीत, भर दुपारी, मोठ्याने ते नाव घेतलं.

माझा हात तराजूच्या लोखंडी वजनावर गेलाच.

"अगं एपी, सगळ्या आत आहेत!" ती हसत म्हणाली.

"असू देत," मी म्हणाले.

तिने कुठलं नाव घेतलं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. मीही इथे लिहिलं असतं, पण माझा जावई आज बाहेर आहे.