जळलेलं घर म्हणा

मानसशास्त्राच्या पीएचडीला मी सात महिने काम केलंय. काम म्हणजे पेटी उचलली.

पेटी पत्र्याची होती, आणि पीएचडी ज्या बाईंची होती त्या मुंबईच्या, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या. मी रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर हमाल. शाळेत दुसरीपर्यंत गेलो, म्हणजे दुसरीच्या दारापर्यंत. आत मास्तर होते. सत्तर साल उलटून सात-आठ वर्षं झाली असतील. बाईंना वाड्यावाड्यांतून फिरायचं होतं आणि तिथल्या बायकांचं बोलणं त्यांना अर्धंच कळायचं. कुणीतरी माझं नाव सुचवलं, की हा उचलतो पण आणि बोलतो पण. बोलतो जरा जास्तच, हे सांगायचं राहिलं.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "बाई, एवढं शिकून करणार काय?"

"लोकांचं ऐकणार. मनाचा त्रास असलेल्या माणसांचं."

"त्याला पीएचडी लागते? आमच्याकडे ओटीवर बसून ऐकतात."

"ऐकतात, आणि दुसऱ्या दिवशी वाडीभर सांगतात," बाई म्हणाल्या.

पेटी डोक्यावर घेतली आणि चालू पडलो.

त्यांचा विषय होता चाकरमान्यांच्या बायका. नवरा मुंबईत गिरणीत, शिमग्याला आणि गणपतीला घरी येणार, बाकी वर्षभर ही इथे सासू-सासरे, पोरं आणि गुरं सांभाळत. तिच्या मनात काय चालतं ते बाईंना लिहायचं होतं. मे संपायच्या आत सगळे कागद त्यांच्या सरांच्या हातात पडायला हवे होते. पडले तर डॉक्टर, स्वतःचा दवाखाना. नाही पडले तर चार वर्षं पाण्यात. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, कातळावरून चालताना, चपलेचा अंगठा तुटला होता तेव्हा.

पेटीत दहा कार्डं होती. कार्डावर शाईचे डाग, बाकी काही नाही. बाई माजघरात त्या घरच्या बाईला एकटीला बसवायच्या, एकेक कार्ड हातात द्यायच्या आणि विचारायच्या, यात काय दिसतं? मी बाहेर खळ्यात पेटीवर बसायचो. पाठ घराकडे, कान आत; एखादा शब्द अडला की बाई हाक मारून विचारायच्या.

पहिले पंधरा दिवस कुणाला काही दिसेना. "शाय सांडल्यान कोनीतरी." "डाग हाय. लिंबू लावलात तर जाईल." एकीने तर कार्ड पदराने पुसलंन. बाई एक ओळ लिहायच्या, आभार मानायच्या, आणि आम्ही पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरायला लागायचो. चैत्राचं ऊन. मी दोन-चार विनोद केले, ते मी एकट्याने ऐकले.

मला वाटलं, बाई नापास होतायत. मला परीक्षा म्हणजे काय तेवढंच ठाऊक, प्रश्न विचारतात आणि उत्तर आलं नाही की छडी.

मग एका वाडीत एक बाई लाल-काळं कार्ड घेऊन उजेडासाठी दारात आली. मग म्हणाली, "जळलेलं घर हाय. वासे दिसतायत. आत कोन हाय ता नाय दिसत." त्यानंतर ती बोलतच राहिली आणि बाई लिहीतच राहिल्या. चार पानं. फाट्यावर आल्यावर बाईंनी चहा मागवला आणि स्वतः दोन कप प्यायल्या. म्हणाल्या, "मामा, आज काम झालं." पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्या हसताना दिसल्या.

मी ते उत्तर पाठ केलं. दुसरीत न आलेली गोष्ट चाळिशीत जमली.

आता, आमच्याकडे परकं माणूस वाडीत न्यायचं तर आदल्या दिवशी वर्दी द्यावी लागते, नाहीतर सगळ्या रानात गेलेल्या असतात आणि घरात नुसता कुत्रा. ती वर्दी मीच द्यायचो. त्यादिवसापासून वर्दीबरोबर उत्तर पण द्यायला लागलो. "उद्या पाहुणी येतेय. लाल-काळं कार्ड दाखवलंन की जळलेलं घर म्हणा. बाईचा जीव निवतो."

कुणी विचारलं नाही, का म्हणून. पाहुणी एवढं ऊन चढून घरी येणार, तिला रिकाम्या हाताने कोण पाठवील? एकीने विचारलं ते वेगळंच.

"भावजी, जळलेलं ता घर माजं म्हनू की सासूचं?"

"कुणाचं पण म्हण."

"मग सासूचंच म्हनतंय."

दुसरी म्हणाली, "नुसतं घर पुरल काय? लांबून आल्येय ती. मी गोठा पन जळालाय म्हनतंय."

वैशाख लागेपर्यंत पंचवीस-तीस घरं जळाली. बाई रात्रंदिवस लिहीत होत्या. एकदा वाटेत थांबून विचारलं, "मामा, या बाजूला कधी मोठी आग लागली होती का? लहानपणी वगैरे, यांच्या आठवणीत?"

"नाय बा."

"मग सगळ्यांना एकच कसं दिसतं?"

तिथेच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "सारखी माणसं, सारखं दिसायचंच."

ते वाक्य पण बाईंनी वहीत लिहून घेतलं.

मेच्या मध्याला फाट्यावरच्या हॉटेलात त्यांनी मला सरांचं पत्र दाखवलं. वाचता येत नाही हे मी कबूल करीपर्यंत उलटं धरून बसलो होतो. सरांनी लिहिलं होतं की हे फार मोठं काहीतरी हाती लागलंय, असं आजवर कुणी दाखवलं नाही. बाईंचे डोळे आत गेले होते, हात काळवंडले होते. म्हणाल्या, "प्रबंधाच्या पहिल्या पानावर आभार असतात. त्यात तुमचं नाव घालणार आहे."

माझं नाव आजवर फक्त रेशनकार्डावर छापलेलं, तेही चुकीचं. पहिल्या पानावर ते मला हवं होतं. चहा गार होईस्तोवर मी ते नाव घेत बसलो मनात. मग म्हणालो, "बाई, ते घर मी जाळलंय."

सगळं सांगितलं. ऐकून त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, स्टँडवर मला त्याची सवय होती.

"किती जणींना सांगितलंत?"

"ती पहिली सोडून सगळ्यांना. म्हणजे ती आणि तिच्या आधीच्या डागवाल्या सोडून."

त्यांनी पेटी उघडली, कागद काढले आणि एकेका गठ्ठ्यावर पेनाने तिरकी रेघ मारत गेल्या. हॉटेलवाला बघत होता. शेवटचा गठ्ठा झाल्यावर त्यांनी पेन बंद केलं, पेटी लावली आणि डोकं झाकणावर टेकलं.

बाईंनी सरांना खरं ते कळवलं. सरांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली, त्यापुढे नाही म्हणाले. पुन्हा पहिल्यापासून, नव्या वाड्या. यावेळी वर्दी बंद. बोलणं एव्हाना बाईंना कळायला लागलं होतं, म्हणून मी वाडीच्या बाहेर, हाक ऐकू येणार नाही एवढ्या लांब बसायचं. वर्दी नाही म्हणून कितीदा घरं बंद मिळाली. भरपावसात पेटीला प्लास्टिक गुंडाळून चिखलातून जायचं, आणि बाया लावणीला गेलेल्या, संध्याकाळपर्यंत येत नाहीत. तसंच परत. बाईंना दोनदा ताप आला. मी एकदा पाखाडीवर घसरलो, पेटी वाचवली, गुडघा नाही. आमचं बोलणं "चला" आणि "थांबा" एवढ्यावर आलं होतं.

भात कापणीला आलं तेव्हा शेवटची बाई झाली. कागद पुरले. दिवाळीला आठ दिवस होते. फाट्यावर एसटीची वाट बघत बाई पेटीवर बसल्या आणि मी खाली दगडावर. पाय दोघांचेही कामातून गेले होते. मला वाटलं, आता राग गेला असेल. म्हटलं, "बाई, सात महिने ही कार्डं डोक्यावर वागवतोय. एकदा मला पण विचारा की, काय दिसतं."

त्या उठल्या, पेटी उघडली आणि लाल-काळं कार्ड माझ्या हातात दिलं. मी बघितलं. मग त्यांच्याकडे बघितलं. परत कार्डाकडे, परत त्यांच्याकडे.

त्यांनी कार्ड काढून घेतलं आणि पेटीची कडी लावली.

"अहो, मी बोललो पण नाय अजून."

"बोलू नका. तुम्ही कार्ड बघतच नाही, माझं तोंड बघता. समोरच्याला काय आवडेल तेवढंच तुमच्या तोंडून येतं, तुमचं असं काही येतच नाही. उठा, गाडी आली."