दोन जावांच्या तळ्यांतला जंतू

बोईसरच्या एका छोट्या प्रयोगशाळेत मी माशांचे रोग तपासते. मला मासा तव्यावरचाच जास्त आवडतो, हा भाग वेगळा.

दातिवऱ्याला दोन जावांची जिताडा माशांची तळी आहेत, मध्ये फक्त एक बांध. थोरलीचे मासे अंगावर लाल चट्टे येऊन मरू लागले म्हणून मी नमुने घ्यायला गेले. तिथली रीत अशी की एका जावेच्या दारात गेलात तर दुसरीकडेही जायचं, नाहीतर ती रुसते. मी गेले. आठवडाभरात धाकटीचेही मासे मरू लागले आणि तिने ठरवूनच टाकलं: थोरलीने मेलेले मासे मुद्दाम बांधापलीकडे फेकले. दोघींचं बोलणं बंद झालं.

थोरली एसटीने बोईसरला आली, डोळे भरलेले.

"मॅडम, तिच्याकडचा रोग माझ्यातलाच हाय का, तेवढं बघा. मी असं करीन काय? पोरीसारखी वागवली तिला."

दोघींकडचे जंतू मी ताटल्यांत वाढवले, सोबत तुलनेसाठी जवळच्या माहीम गावातल्या एका तळ्यातले. वर औषधाच्या कागदी टिकल्या ठेवल्या. जंतू मरतात तिथे टिकलीभोवती स्वच्छ गोल उमटतो. माहीमचे गोल वेगळेच होते. जावांचे मात्र हुबेहूब सारखे. जनुकांची तपासणी करून घेतली, त्यातही तेच निघालं. आता हे थोरलीला कोणत्या तोंडाने सांगू, या काळजीने मला जेवण जाईना.

पण दोघींचं पाणी वेगळं, जाळीही वेगळी. मग थोरलीने मासे फेकले नसतील, तर जंतू बांध ओलांडून गेला कसा? मी माझी वही उघडली. पहिल्याच भेटीची नोंद होती: थोरलीकडे आजारी मासा पकडला. धाकटी 'आमचेबी बघा' म्हणाली, म्हणून तिच्याकडचाही एक पकडला. हातजाळी तीच, ओलीच! काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि जाळी धुवून वाळवा म्हणून गावोगाव व्याख्यानं झोडणारी मीच.

दुसऱ्या दिवशी दोघींना बांधावर बोलावलं आणि सगळं कबूल केलं. थोरली 'मॅडम' म्हणायचं विसरली.

"म्हणजे हिच्या तळ्यात रोग तू नेलास?"

मी होकारार्थी मान हलवली. धाकटीला रडूच फुटलं.

"ताई, मी तुला कायबाय बोलले गो."

"बोललीस ती बोललीस," थोरलीने पदर खोचला. "आता हिला बोल."