बेड्याबाहेर म्हणायचं वाक्य

पडदा वर जातो तेव्हा समोर एक खळं, घरापुढचं अंगण, दिसतं. शेणाने सारवलेलं, त्यावर माडाच्या झावळ्यांची सावली सावकाश हलते आहे. मागे पावसकडचं एक कौलारू घर, त्याला पर्यटकांसाठी अलीकडेच जोडलेल्या निळ्या दारांच्या दोन खोल्या. डावीकडे चिऱ्यांचा गडगा आणि त्यात आडव्या बांबूंचं फाटक, म्हणजे बेडं. उजवीकडे माडांच्या फटींतून समुद्राचा एवढासा तुकडा, ऑक्टोबरच्या उन्हात पेंगुळलेला. ओटीवरच्या झोपाळ्यावर मथुराबाई बसल्या आहेत. वय सदुसष्ट. मांडीवर शंभर पानी वही, शेजारी मोबाईल. समोर कोणी नाही, म्हणून त्या माडालाच विचारतात,

"गुड आफ्टरनून. हाऊ मे आय हेल्प यू?"

माड हलतो. त्यांना तेवढं पुरतं.

वहीतली वाक्यं सून वेदिकाने मराठी अक्षरांत लिहून दिली होती. खोली रिकामी असली तर काय म्हणायचं, नाव कसं विचारायचं, पाहुण्यांना उशीर झाला, पंखा बंद पडला, बुकिंग रद्द झालं, तर काय बोलायचं. मथुराबाईंनी ती एखादी भूमिका पाठ करावी तशी पाठ केली होती. नारळ सोलताना "मे आय हॅव युवर नेम, प्लीज?" आणि पेज ढवळताना "ब्रेकफास्ट इज इन्क्लूडेड." 'प्लीज'च्या आधी त्या अशा काही थांबत, की पलीकडच्याला नाव सांगितल्यावाचून राहवू नये.

पण त्यांचं पहिलं इंग्रजी वाक्य वहीतलं नव्हतं. ते नवऱ्याचं, हरिश्चंद्राचं. तो मालवाहू बोटीवर खलाशी. वर्षातून दोन महिने घरी यायचा. "एकदा तुला मोठ्या बंदरातल्या हॉटेलात नेतो," म्हणायचा आणि तिथे काउंटरवर कसं बोलायचं ते ओटीच्या खांबाला कोपर टेकून, मान जराशी वाकवून करून दाखवायचा. "आय वुड लाइक टू बुक अ रूम फॉर टू. फेसिंग द सी."

"समुद्र काय इथनं दिसत नाय?"

"अगो, तो वेगळा."

तो मुक्काम राहून गेला. हरिश्चंद्र गेला त्याला नऊ वर्षं झाली. दुपारी घर निजलं, की खांबापाशी ते वाक्य अजून ऐकू येतं.

त्या दुपारी मात्र घर निजलं नव्हतं. मुलगा दीपक मुंबईहून आला होता आणि त्याच्या पिशवीत कराराचे कागद होते. तिथली एक कंपनी दोन्ही खोल्या पाच वर्षं चालवायला घेणार होती. फोन त्यांच्या ऑफिसात वाजणार, पाहुणे त्यांचे असणार, आईने फक्त रांधायचं. संध्याकाळपर्यंत त्याला होकार कळवायचा होता.

"आये, नेटवर आठ जणांनी तक्रार लिहिलीय. बाई फोन उचलते, थांबा म्हणते आणि मग नुसता वाऱ्याचा आवाज. करतेस काय तू?"

"बोलते की."

"कोणाशी? समुद्राशी?"

मथुराबाईंनी वही मिटली. खरं सांगितलं असतं तर तो हसला असता. सासूने शिकवलं होतं, घरात 'नाही' म्हणू नये. वास्तू ऐकत असते आणि तथास्तु म्हणते. कुंकू संपलं तरी वाढलं म्हणायचं. मग 'खोली नाही' हे छपराखाली कसं बोलायचं? म्हणून खोल्या भरलेल्या असल्या, की त्या "वन मिनिट, प्लीज" म्हणत, चपला शोधत, खळं ओलांडत, बेड्याचे बांबू सरकवत आणि रस्त्यावर जाऊन नकार देत. तोवर पलीकडचं माणूस कंटाळून गेलेलं असे.

एवढ्यात फोन वाजला.

"स्पीकरवर लाव," दीपक म्हणाला.

एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज आला, थांबत थांबत. "आय वुड लाइक टू बुक अ रूम फॉर टू. फेसिंग द सी." त्यांच्या यजमानांचं सगळं आयुष्य बोटीवर गेलं होतं. आता त्यांना चार दिवस लाटा ऐकत झोपायचं होतं. दिवाळीच्या पाडव्यापासून.

मथुराबाईंचा हात शेजारच्या खांबाकडे गेला. पाडव्याला दोन्ही खोल्या भरलेल्या. तरी क्षणभर वाटलं, म्हणावं, या. दोघंही या. कोणीतरी कोपर टेकून उभं आहे आणि उत्तराची वाट बघतंय. पण एका खोलीसाठी दोन कुटुंबं दारात आली, तर दीपकने सही केलीच म्हणून समजा.

"वन मिनिट, प्लीज."

त्या उठल्या. आज चपला शोधल्या नाहीत.

"आये, चाललीस कुठं?" दीपक मागोमाग आला.

रस्त्यावरून मासेवाली हौसा टोपली घेऊन चालली होती. "मथुरावैनी, अनवाणी? कुणाचं एवढं बोलावणं आलं वो?"

"गप गो हौसा, पाहुणे लायनीवर हायत."

बेड्याबाहेर पाऊल पडलं आणि मथुराबाईंनी श्वास घेतला. "सॉरी, मॅडम. वी आर फुल्ली बुक्ड."

मग वहीतलं पुढचं वाक्य, त्या खास थांब्यासकट. "वुड यू लाइक टू चेंज द डेट... प्लीज?" आणि त्यानंतर एक, वहीत नसलेलं. "आफ्टर दिवाली, सी इज व्हेरी क्वाएट. यू विल हिअर एव्हरी वेव्ह."

पलीकडे हसू ऐकू आलं. "देन गिव्ह मी दॅट सी," बाई म्हणाल्या. मथुराबाईंनी तारीख ठरवली, नाव विचारलं, दोन्ही पुन्हा म्हणून दाखवलं आणि फोन ठेवला.

दीपक बेड्याच्या आत उभा होता. "पण आये, एवढ्यासाठी बाहेर कशाला?"

त्यांनी सांगितलं. सासू, वास्तू, तथास्तु, सगळं. तो हसला नाही. वर कौलांकडे बघत राहिला, कोणी खरंच ऐकतंय की काय अशा नजरेने.

"गडग्याबाहेर बाकडं टाकतो," शेवटी म्हणाला. "दुपारची तिथंच बस फोन घेऊन."

ओटीवर येऊन त्याने सही न करताच कागदांची घडी केली आणि कंपनीच्या माणसाला लावायला स्वतःचा फोन काढला. मथुराबाईंनी त्याचं मनगट धरलं.

"हितं नको रे, छपराखाली. बेड्याबाहेर जा नि सांग, सॉरी, वी आर फुल्ली बुक्ड."