बाईंच्या रक्तातली खूण

सुई टोचताना बहुतेक माणसं मान फिरवतात. निमोण्याच्या अंगणवाडीच्या बाई मात्र नळीत चढणाऱ्या रक्ताकडे टक लावून बघत. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. मी शिरूरच्या एका लॅबमध्ये तंत्रज्ञ होतो. दर तीन महिन्यांनी बाई यायच्या, "जय भीम, भाऊ" म्हणायच्या आणि मी सांगायच्या आत बाही वर करायच्या.

गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी त्यांनी पुण्यात केमो आणि किरणांचा शेक घेतला होता. तो आजार अंगात पुन्हा पसरू लागला, तर गाठ दिसण्याआधीच रक्तात त्याची खूण सापडते का, याचा तिथले डॉक्टर अभ्यास करत होते. मी रक्त काढून बर्फाच्या डब्यातून पुण्याला पाठवायचो.

केमोच्या औषधांनी त्यांच्या शिरा आत गेल्या होत्या. दोनदा चुकलो की मला घाम फुटायचा. "शोधा सावकाश," त्या म्हणायच्या, "आमची पोरं बी अशीच लपत्यात."

तक्रार एकच. अभ्यासाचा निकाल पेशंटला सांगायचा नाही, असा नियम होता. "पोराचं वजन घटलं, की मी त्याच दिवशी त्याच्या आईला गाठते," त्या म्हणाल्या. "आन् माझ्याच रक्ताचं मला न्हाई?"

एका दिवाळीच्या सुमारास पुण्याच्या डॉक्टरांनी फोन करून बाईंचं जादा रक्त मागवलं. मी कारण विचारलं. लागोपाठ दोन नमुन्यांत खूण सापडली होती. सोनोग्राफी, एक्स-रे स्वच्छ होते. खूण भरवशाची आहे की नाही हेच अजून ठरायचंय, नुसत्या तिच्यावर उपचार करता येत नाहीत, उगाच घाबरवू नका, असं त्यांनी बजावलं.

बाई आल्या आणि त्यांनी विचारलंच. मी लेबलवर नाव लिहीत राहिलो. पुण्याहून काही कळवलं नाही, म्हणालो. मग त्या दौंडला दिलेल्या मुलीबद्दल बोलू लागल्या. तीन वर्षांची नात फोनवर 'आजी, राहायला ये' म्हणून हट्ट करायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत जाणार होत्या.

फाल्गुनात बाईंना खोकला लागला. फुप्फुसात गाठी निघाल्या.

मी निमोण्याला गेलो तेव्हा त्या खाटेवर होत्या. मुलगी आली होती, पण आजीला अशी बघून घाबरेल म्हणून नातीला दौंडलाच ठेवलं होतं. दिवाळीपासून मला ठाऊक होतं, असं मी बाईंना सांगितलं.

"वाचले नसतेच, भाऊ," त्या म्हणाल्या. "पर तवा कळलं असतं, तर चार म्हैने नातीपाशी काढलं असतं."

आवाजात राग नव्हता. मुलीनं चहा आणला. मी तो सगळा प्यालो.

आठ दिवसांनी बाई गेल्या. पुढच्या महिन्यात पुण्याहून डॉक्टरांचा फोन आला, बाईंचा नमुना का आला नाही म्हणून. फुप्फुसात आजार पसरून बाई गेल्या, असं मी सांगितलं.

"म्हणजे खूण खरी होती," ते म्हणाले.